जाड पिनांचा ओव्हन आणि आजोबांचं कपाट

अगं ऐक, आधी नुसतं ऐक, मध्ये बोलू नकोस. हसायचं ते शेवटी एकदम हस. तुला माहितीये आमचा ओव्हन सध्या कुठे आहे? आजोबांच्या खोलीत, त्यांच्या लोखंडी कपाटावर. कपाटाच्या डोक्यावर म्हणजे. आणि मी तीन रात्री हॉलमधल्या सोफ्यावर झोपतेय, त्याचा आणि ओव्हनचा संबंध आहे. थांब, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुला वाटेल आमचं सगळं घरच चळलंय.

तर आत्या. बाबांची धाकटी बहीण गं, आमच्याकडेच असते ती. ऑफिसात पावत्या तपासते आणि रविवारी केक करते. तिचा केक तू खाल्लायस, संत्र्याचा, त्यामुळे मी काही सांगायला नको. तर तिनं राजीनामा दिला. एकदम. म्हणाली, आयुष्यभर दुसऱ्यांच्या पावत्यांवर टिकमार्क करून हाताला तसंच वळण लागलंय, परवा केकवर फुलं काढायला गेले तर टिकमार्क आले. तिचे साहेब भले माणूस. म्हणाले, मी हा कागद शुक्रवार संध्याकाळपर्यंत खणात ठेवतो, वर पाठवत नाही. विचार बदलला तर फोन करा, नाही केलात तर जाऊ दे.

आणि शुक्रवारीच कँटीनच्या बाई येणार होत्या. मोठ्या दवाखान्याचं कँटीन चालवतात त्या. कुणाच्या तरी निरोप समारंभात त्यांनी आत्याचा केक खाल्ला आणि म्हणाल्या, रोज देणार का? पण आधी मी तुमचं स्वयंपाकघर बघणार, आणि माझ्यासमोर ओव्हनमधून निघालेला केक खाणार. मग ठरवणार.

आजोबांनी लगेच निकाल दिला. "चिमणे," ते आत्याला अजून चिमणेच म्हणतात, तिच्या कानशिलावर पांढरे केस आलेत तरी, "बाई हो म्हणाल्या तर खुशाल भट्टी लाव. नाही म्हणाल्या तर संध्याकाळी साहेबांना फोन करायचा आणि सोमवारी मुकाट डबा घेऊन ऑफिसला. कबूल?"

आत्या म्हणाली, कबूल. तिचा चेहरा बघितला असतास ना, कबूल म्हणताना असा झाला होता की दाताच्या डॉक्टरसमोर आ केलाय.

आता आमचा घरचा ओव्हन म्हणजे खेळण्यातला, त्यात एका वेळी एक केक आणि तोही अंग चोरून बसतो. म्हणून आत्यानं एका बंद पडलेल्या बेकरीतून मोठा ओव्हन उचलला. तो गुरुवारी दुपारी घरी आला. काय रुबाब सांगू, पुढे काच, आत दिवा, वर टणटण वाजणारं घड्याळ. ओट्यावर ठेवला तर ओटाच लहान दिसायला लागला. आईनं त्याला फडक्यानं पुसला, बाबांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली, आत्यानं वायर उचलली, आणि प्लग बोर्डाला लावायला गेली तर जाईचना.

जाईचना म्हणजे काय, त्याच्या पिना माझ्या करंगळीएवढ्या जाड, आणि आमच्या ओट्याजवळच्या सॉकेटची भोकं मिक्सरच्या पिनांपुरती. आत्यानं प्लग उलटा करून बघितला. मग ओव्हन थोडा सरकवून बघितला, जसं काही ओव्हन सरकवल्यावर भोकं मोठी होणार होती.

बाबा म्हणाले, "सरका. माझ्याकडे आहे."

बाबांचा खण तुला माहिती नाही. त्यात जगातले सगळे प्लग आहेत. चपट्या पिनांचे, गोल पिनांचे, तिरक्या पिनांचे, कुणी परदेशातून येताना आणलेले, कुणी जाताना विसरलेले. ते खण उघडतात तेव्हा त्यांचा चेहरा दागिने काढल्यासारखा होतो. त्यातून त्यांनी एक कन्व्हर्टर काढला, एका बाजूला जाड भोकं, दुसऱ्या बाजूला बारीक पिना. तो सॉकेटमध्ये लटपटत होता म्हणून त्याच्यामागे अजून एक लावला. मग ते सगळं भिंतीतून असं बाहेर आलं की आई म्हणाली, "अहो, यावर टॉवेल वाळत घालता येईल."

"बसलं की नाही?" बाबा म्हणाले. "बसलं म्हणजे चालतं."

आणि चाललंही गं. आतला दिवा लागला. आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्ही सगळे काचेसमोर गुडघ्यांवर बसून आत बघत होतो, आत काहीच नव्हतं तरी. मग आई म्हणाली, कसला तरी वास येतोय. बाबा म्हणाले, नवीन ओव्हनचा येतोच. आई म्हणाली, हा नवीन कुठेय. तेवढ्यात खट्. सगळं घर बंद. फ्रिज गप्प, पंखे गप्प, आणि आतल्या खोलीतून आजोबांचा आवाज, "कुणी केलं? शेवटची ओव्हर होती."

बाबांनी कन्व्हर्टरला हात लावला आणि पटकन बोट कानाच्या पाळीला लावलं. तो कन्व्हर्टर असा मऊ झाला होता ना, उन्हात विसरलेल्या चॉकलेटसारखा.

मग वायरमनमामांना बोलावलं. आईचे मावसभाऊ ते. कामाला चोख आहेत, पण बोलायला लागले की समोरच्यानं खुर्ची घेऊन बसावं. आले, कन्व्हर्टर दोन बोटांत मेलेल्या पालीसारखा धरला आणि म्हणाले, "भाऊजी, हे काय हो? तुम्ही हत्तीला सायकलवर बसवलंत."

बाबा म्हणाले, "बसला तर होता."

"बसला हो. सायकलचं काय झालं ते बघा." मग त्यांनी मलाच पुढे घेतलं, कारण मी हसले होते. "हे बघ गं. दोन पिनांचा प्लग कशाला? तुझा फोन, दाढीचं मशीन, टेबलावरचा दिवा. चिमूटभर वीज खाणारी माणसं ही. मग तीन बारीक पिना. मिक्सर, टीव्ही, पंखा. ही पोळी-भाजीवाली. आणि या तीन जाड पिना म्हणजे अख्खी पंगत फस्त करणारी. ओव्हन, गिझर, एसी. पिन जाड का? तर मागे भिंतीतली तार जाड पाहिजे म्हणून. पिना जाड केल्यात त्या तुम्ही त्यांना बारीक भोकात घालू नये म्हणून. भोक हे नुसतं भोक नाही, तो भिंतीनं दिलेला शब्द आहे, की माझ्या पोटातली तार एवढं पेलेल."

बाबा खणाकडे बघत राहिले. एवढी वर्षं ते भिंतींना खोटं बोलायला लावत होते, असा काहीतरी भाव होता.

"आणि ही तिसरी, वरची लांब पिन?" मी विचारलं. विचारायला नको होतं, आई मला डोळ्यांनी गप्प करत होती.

"ती अर्थिंगची. सगळ्यात आधी आत जाते, सगळ्यात शेवटी बाहेर येते. घरातल्या मोठ्या सुनेसारखी. यंत्राच्या पत्र्यात वीज उतरली तर ती जमिनीत पोचवते, तुझ्या अंगातून जाऊ देत नाही. काही शहाणे ती तोडतात, म्हणजे प्लग दोन भोकांत बसतो."

बाबांनी हळूच खण बंद केला.

"ते सगळं ठीक आहे हो मामा," आत्या म्हणाली. तिचा आवाज चिरकायला लागला होता. "उद्या बाई येणारेत. इथे जाड भोकं करून द्या."

मामांनी मान हलवली. नुसतं सॉकेट बदलून उपयोग नाही, मेन बोर्डापासून जाड तार ओढायची, भिंत फोडायची, वेगळा स्विच टाकायचा. पुढच्या आठवड्यात करून देतो म्हणाले, आत्ता त्यांच्याकडे एका शाळेचं काम चाललंय. आणि मग विचारलं, "पण घर बांधताना ओट्यापाशी मोठा पॉइंट कसा नाही घेतला?"

सगळ्यांनी आजोबांकडे बघितलं. आजोबांनी छताकडे बघितलं. घर त्यांनी बांधलंय गं. तेव्हा ते म्हणाले होते, ओट्यावर कशाला मोठा पॉइंट, इथे काय कारखाना काढायचाय? तसे ते विजेच्या बाबतीत वेगळेच आहेत. त्यांना वाटतं की रिकाम्या सॉकेटमधून वीज गळते. खरंच वाटतं. म्हणून ते कुठलंही सॉकेट मोकळं दिसलं की त्यात जुना तुटका प्लग खोचून ठेवतात, बाटलीला बूच लावावं तसा. आमच्या घरात फोन चार्ज करायचा तर आधी बूच काढावं लागतं.

"मग आहेत कुठे मोठे पॉइंट?" आत्यानं विचारलं.

मामा घरभर फिरून आले. "दोन. एक न्हाणीघरात, गिझरचा."

"चालेल," आत्या म्हणाली.

"चालणार नाही," मामा म्हणाले. "ओल्या फरशीवर ओव्हन ठेवलात तर मी या घरात परत पाऊल टाकणार नाही. आणि दुसरा यांच्या खोलीत, एसीचा."

एसीचा पॉइंट कुठे असतो माहितीये ना तुला? वर. छताला टेकायला आलेला. आणि ओव्हनची वायर लांबीला जेमतेम माझ्या वेणीएवढी. बाबा म्हणाले एक्स्टेंशन लावू, मामांनी त्यांच्याकडे असं बघितलं की बाबा म्हणाले, नको लावू.

आत्या आजोबांच्या खोलीत जाऊन उभी राहिली, मान वर करून त्या सॉकेटकडे बघत. मी तिच्या मागे. तिनं सॉकेटकडे बघितलं, मग त्याच्या शेजारच्या कपाटाकडे, मग परत सॉकेटकडे. आणि मला कळलं गं. मला कळलं आणि मी म्हणाले, "आत्या, नको."

"खाली येणार नाही ना सॉकेट?" आत्या म्हणाली. "मग ओव्हन वर जाईल."

आजोबांना विचारायला गेलो तर ते म्हणाले, माझ्या खोलीत भट्टी? एसी बंद करून? अडला हरी म्हणून एक म्हण आहे, पुढची मी म्हणत नाही, आजोबा आहेत शेवटी. पण आत्यानं पाय धरायचेच बाकी ठेवले. शेवटी आजोबा म्हणाले, "एक दिवस. उद्या दुपारपर्यंत. आणि मी खोलीतून हलणार नाही. माझ्या डोक्यावर काय शिजतंय ते मला कळलं पाहिजे."

ओव्हन वर चढवणं ही वेगळीच गोष्ट आहे, ती सांगत नाही, बाबांची कंबर अजून त्याबद्दल बोलतेय. पण मामांचं सांगते. मामा म्हणाले, कपाट लोखंडी, ओव्हन लोखंडी, मी अर्थिंग तपासल्याशिवाय बटण लावू देणार नाही. छान. मग शिडीवर चढायची वेळ आली आणि मामा शिडीकडे बघत उभेच. त्यांना उंचीची भीती वाटते. वायरमनला. म्हणाले, "खांबावर चढणारे वेगळे असतात, मी बोर्डवाला आहे." शेवटी चढले. बाबांनी त्यांचे घोटे धरले, आईनं शिडी धरली आणि मामा वर डोळे मिटून म्हणत होते, "बोलत राहा, कुणीतरी बोलत राहा." आजोबा पलंगावरून बोलत राहिले. उंटावरून शेळ्या हाकतात तसं, फक्त इथे शेळी वर आणि उंट खाली. अर्थिंग एकदम उत्तम निघालं. ओव्हनच्या वर आणि मागे हवेला जागा सोडायला सांगून मामा उतरले आणि दोन पेले पाणी प्यायले.

शुक्रवार उजाडला. आई ओट्यावर पीठ घोटतेय, मी ते भांडं घेऊन आतल्या खोलीत, बाबा वाटेत उभे राहून "सांभाळून, सांभाळून" म्हणतायत, ज्यानं जास्त सांडतं. पंखा बंद, कारण आत्याचं डोकं पंख्याच्या पात्यांच्या उंचीला. आत्या शिडीवर, कपाळावरून घाम टपटप. केकचा टिन वर गेला, काचेचं दार लागलं, बटण दाबलं आणि काही नाही, म्हणजे काही झालंच नाही, ना खट् ना वास. जाड पिना जाड भोकात अशा शांत बसल्या होत्या, जशा आपल्या घरी आल्यात.

आता पुढचं लक्ष देऊन ऐक. केक फुगत असताना त्याला धक्का लागला की तो मध्येच खाली बसतो. परत उठत नाही. आणि आजोबांच्या कपाटाचं दार अडकतं. ते उघडायला खांद्यानं धाड करून ढकलावं लागतं, गेली कित्येक वर्षं तसंच आहे.

केक आत गेला आणि आजोबा अंघोळीहून आले. टॉवेलवर.

आले आणि सवयीनं कपाटापुढे उभे राहून खांदा मागे घेतला. आत्या वरून म्हणाली, "बाबा, हलू नका." म्हणजे तिचे बाबा, आजोबा. ते तसेच थांबले, खांदा मागे, एक पाय पुढे, कुस्तीच्या फोटोत असतात तसे.

"माझे कपडे आहेत आत," आजोबा म्हणाले.

"केक आहे वर," आत्या म्हणाली.

"मी काय असाच उभा राहू?"

"बसा. पण हळू बसा."

बाबा म्हणाले माझा लेंगा घ्या, आजोबा म्हणाले तुझा लेंगा माझ्या एका पायात येईल. मग त्यांनी पलंगावरची चादर अंगावर घेतली, फुलाफुलांची, आणि बसले. दारावरची घंटा तेव्हाच वाजली.

कँटीनच्या बाई लवकर आल्या होत्या. मुद्दाम येतात म्हणे, म्हणजे कळतं. उंच, केस घट्ट बांधलेले, पर्स छातीशी. आईनं त्यांना स्वयंपाकघरात नेलं. त्यांनी ओट्यावरून बोट फिरवलं, बोट बघितलं, डब्यांची झाकणं उघडून वास घेतले. चेहऱ्यावर काहीच नाही. मग म्हणाल्या, "ओव्हन कुठाय?"

आई म्हणाली, "चहा घेता का?"

"आधी ओव्हन."

आईनं माझ्याकडे बघितलं. मी बाबांकडे. बाबा खणाकडे. मग आईनं काय केलं असेल? पदर खोचला आणि म्हणाली, "या. जरा मान वर ठेवा."

अगं तो देखावा. बाई दारात थांबल्या. समोर आजोबा, फुलांच्या चादरीत, ओले केस चापून बसवलेले, मांडीवर वर्तमानपत्र. त्यांच्या मागे कपाट, कपाटावर ओव्हन, ओव्हनपुढे शिडी, शिडीवर घामानं भिजलेली माझी आत्या, हातात जाड मोजे. आणि सगळ्या खोलीत संत्र्याचा वास. आजोबा म्हणाले, "या, बसा," आणि चादर सावरत पलंगावर थोडे सरकले.

बाई बसल्या नाहीत. वर बघत म्हणाल्या, "हे असं का?"

आता आत्या काहीही सांगू शकली असती. रंगकाम चाललंय, म्हणता आलं असतं. मी मनात म्हणत होते, रंगकाम म्हण, रंगकाम म्हण. पण आत्या पावत्या तपासणारी बाई. तिनं वरूनच सगळं सांगितलं, बारीक भोकं, जाड पिना, वितळलेला कन्व्हर्टर, भिंतीतली तार, मामा पुढच्या आठवड्यात येणार तेही. आणि शेवटी म्हणाली, "तोवर मोठा पॉइंट इथेच आहे. म्हणून ओव्हन इथे आहे."

बाईंनी पर्स खाली ठेवली. मग म्हणाल्या, "आमचं चहाचं मशीन पहिले काही महिने जिन्यात होतं. तिथेच पॉइंट होता. लोक कप घेऊन पायऱ्यांवर रांग लावायचे." हसल्या नाहीत हं, नुसतं सांगितलं.

टण्ण झालं. आत्यानं केक काढला आणि तो बघितला असतास. गोल, घुमटासारखा, कुठे चीर नाही. शिडीवरून माझ्या हातात, माझ्या हातातून आईच्या. थोडा निवू दिला, कापला. बाईंनी एक तुकडा खाल्ला, उभ्यानं. मग दुसरा. आजोबा म्हणाले, "मलाही द्या, मी कपडे दिलेत त्याच्यासाठी." त्यांना दिला.

"उद्यापासून लागतील," बाई म्हणाल्या. "सकाळी लवकर. रोज. मी पुढच्या आठवड्यापर्यंत थांबू शकत नाही, माझा जुना माणूस आजच सोडून गेलाय. तुम्हाला जमत नसेल तर मला आत्ताच दुसरीकडे विचारावं लागेल. जमेल?"

मी ओव्हनकडे बघितलं, आईनं पलंगाकडे. कारण जमेल म्हणायचं म्हणजे मामा येईपर्यंत रोज पहाटेपासून भट्टी आजोबांच्या डोक्यावर. एसी बंद, पंखा बंद, कपाट बंद. आणि आजोबांनी एक दिवसाचं कबूल केलं होतं. आत्या बिचारी शिडीची कड धरून उभी राहिली आणि आजोबांकडे बघायला लागली, आणि मला माहितीये ती डोळ्यांसमोर काय बघत होती. साहेबांचा खण.

आजोबांनी हातातला तुकडा संपवला. बोटं चादरीला पुसणार होते, आईकडे बघून थांबले. मग म्हणाले, "चिमणे, आता दाराला धक्का दिला तर चालतो ना?"

"चालतो."

ते उठले, चादर एका हातानं धरली, दुसऱ्या खांद्यानं कपाटाला अशी धडक दिली की शिडी हलली. आतून सगळे कपडे काढले, सगळे, सदरे, स्वेटर, धुतलेले, न धुतलेले, काखेत मारले आणि बाईंना म्हणाले, "खोली देतो. पण मी म्हातारा माणूस, मला झोपायला दार बंद होणारी खोली लागते. हॉलमध्ये झोपणार नाही." आणि वळले माझ्याकडे. "हिची खोली चालेल मला. हिला विचारा."

माझी खोली. जी मला परीक्षेच्या आधी एवढी भांडून मिळाली ती. बाई माझ्याकडे बघतायत. आई बघतेय. बाबा बघतायत. आत्या शिडीवरून बघतेय, हातात अजून ते जाड मोजे, आणि ती मला डोळ्यांनीसुद्धा काही म्हणत नव्हती गं, तेच वाईट होतं. नुसती वाट बघत होती.

मी म्हणाले, हो, घ्या. विचार करायच्या आधीच तोंडातून गेलं.

आता आत्या पहाटे गाणी म्हणत शिडीवर चढते. साहेबांना फोन केलाच नाही तिनं, कागद वर गेला एव्हाना. आणि आजोबा माझ्या पलंगावर असे घोरतात की सोफ्याला ऐकू येतं, आणि माझ्या टेबलामागच्या तिन्ही सॉकेटना बुचं लावून टाकलीत. मामांचा काल फोन आला, शाळेचं काम लांबलंय म्हणे, अजून थोडं थांबा. माझी परीक्षा तोंडावर, पाठ सोफ्याच्या आकाराची झालीये, आणि आजोबा आज सकाळी काय म्हणाले माहितीये, या खोलीत वारं चांगलं येतं, मला इथेच बरं वाटतं.

आता बोल. तू माझ्या जागी असतीस, सगळे असे बघत असताना, तर काय म्हणाली असतीस?